बर्न्स कवीचीं देशप्रीतीचीं गीतें

वरच्या वर्गाचे विद्यार्थी शाळेचा निरोप घेऊं लागले म्हणजे समारंभाच्या शेवटीं सर्वजण वर्तुळ करून, हातांत हात गुंफून ‘ऑल्ड लँग साइन’ हें गीत म्हणतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्यांतील कित्येक शब्द नेहमींच्या इंग्रजी कोशांत सांपडत नाहींत. परंतु चाल कानांवर पडतांच घसा दाटून येतो. बहुतेकांस तें इंग्रजी गाणें वाटतें. तें इंग्रजी नव्हे. तें स्कॉटलंडांतील शेतकऱ्यांच्या बोलींतील आहे, आणि ज्यानें तें आपल्यापर्यंत पोंचविलें तो रॉबर्ट बर्न्स हा स्वतः नांगर धरणारा शेतकरी होता. त्याचें समग्र चरित्र सांगण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. बर्न्सचीं प्रेमगीतें हींच त्याच्या देशाचीं गीतें कशीं झालीं, एवढा एकच प्रश्न विद्यार्थ्यांपुढें ठेवावयाचा आहे.

देशगीत म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम किल्ले, तरवारी, ध्वज आणि जयघोष उभे राहतात. गोविंदाग्रजांच्या ‘श्रीमहाराष्ट्रगीता’ंत दगडाधोंड्यांचाहि अभिमान आहे व फुलांचाहि आहे. तथापि त्या गीताचा एकंदर स्वर उंच आहे, तें अनेकांनीं मिळून म्हणावयाचें आहे. बर्न्सनेंहि अशा स्वराचें एक गीत लिहिलें. १३१४ सालच्या बॅनकबर्नच्या रणांगणावर रॉबर्ट ब्रूस आपल्या सैन्यास उद्देशून बोलत आहे, अशी कल्पना करून १७९३ सालीं रचलेलें तें गीत स्कॉटलंडांत आजहि वीरश्रीनें म्हटलें जातें. परंतु त्याच्या बाकीच्या गीतांची गोष्ट निराळी आहे. त्यांत ध्वज नाहीं, शत्रु नाहीं, ‘स्वदेश’ हा शब्दहि क्वचितच आढळतो. एक ओढा असतो, एक मुलगी असते, कांठावर एखादें झाड आणि त्यावर एखादा पक्षी असतो. एवढ्यावरच तीं गीतें देशाचीं झालीं. आणि माझ्या मतें त्या रणगीताहून तीं अधिक खोल गेलीं.

ह्याचें महत्त्व कळण्यास त्या काळची परिस्थिति थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. १७०७ सालीं स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झाली. राज्य गेलें, राजधानी नांवापुरती उरली, आणि हळूहळू सुशिक्षित मंडळींस स्वतःच्या बोलीची लाज वाटूं लागली. एडिंबरोचे विद्वान् लोक घरीं स्कॉट बोलत व कागदावर लंडनची भाषा लिहीत. डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्वज्ञानेंहि लेखनांत टाळावयाच्या स्कॉट शब्दप्रयोगांची एक यादी केली होती! शब्द टाळावयाचे म्हटल्यावर त्या शब्दांतलीं गाणींहि टाळलीं जाणार, हें उघडच आहे. म्हाताऱ्या बायका दळतां-कांततां जें गातात त्यास कोणी वाङ्मय म्हणत नसतें. तें तोंडांतून तोंडांत जातें, आणि एखादें तोंड कायमचें मिटलें म्हणजे त्याबरोबर दहा-वीस गाणींहि जातात.

अशा काळीं, २५ जानेवारी १७५९ रोजीं, एअर शहराजवळील अ‍ॅलोवे ह्या खेड्यांत बर्न्स जन्मला. बापानें स्वतःच्या हातांनीं बांधलेलें मातीच्या भिंतींचें व गवती छपराचें घर. आई जुनीं गाणीं म्हणे. घरांत येणारी एक वृद्ध आप्त स्त्री भुताखेतांच्या कथा व गीतें सांगे. बाप मोठा करारी व विद्येचा चाहता होता. त्यानें मुलांस शिकविलें, परंतु जमीन निकृष्ट, खंड जबर, त्यामुळें मुलाच्या कोंवळ्या खांद्यांवर मोठ्या माणसाचें काम पडलें. त्या भागांत कापणीच्या दिवसांत एक पुरुष व एक स्त्री अशा जोड्या लावून काम करण्याची चाल होती. पंधराव्या वर्षीं बर्न्सच्या जोडीस त्याच्याहून एक वर्षानें लहान अशी एक मुलगी आली. तिच्या हातांत रुतलेले कांटे काढतांना आपली नाडी कां उडूं लागते हें त्या पोरास कळेना, असें त्यानें पुढें एका दीर्घ आत्मचरित्रपर पत्रांत लिहिलें आहे. ती गोड गात असे. एका जमीनदाराच्या मुलानें रचलेलें गाणें ती म्हणते हें ऐकून त्यास वाटलें, कीं तो रचतो तर मीं कां रचूं नये? आणि तिच्या आवडत्या नाचाच्या चालीवर त्यानें आपलें पहिलें गीत बसविलें. तें गीत फारसें चांगलें नाहीं, हें त्यानें स्वतःच मान्य केलें आहे. तथापि शेत, सुगी, सोबतीण आणि गांवची चाल हीं चारहि त्यांत एकत्र आलीं, आणि पुढें बावीस वर्षें तीं सुटलीं नाहींत.

चालीची गोष्ट जरा विस्तारानें सांगितली पाहिजे. कारण पुस्तकांत बर्न्स वाचणारा विद्यार्थी नेमका तेथेंच फसतो. पुस्तकांत शब्द असतात, स्वर नसतो. बर्न्सची रीति आपल्या बहुतेक कवींच्या उलट होती. तो आधीं कविता लिहून मग तीस चाल शोधीत नसे. एखादी जुनी चाल त्याच्या मनांत बसली म्हणजे ती पुरती गळ्यांत उतरेपर्यंत तो एक ओळहि लिहीत नसे. मग चालीचा भाव कोणता हें तो विचारी, त्या भावास जुळेल अशी सुरुवातीची ओळ शोधी, आणि घराबाहेर पडून, चाल गुणगुणत, भोंवतालच्या सृष्टींत तिच्याशीं मिळतें असें कांहीं दिसतें का तें पाहत हिंडे. अडखळला म्हणजे घरीं येऊन खुर्चीच्या मागल्या दोन पायांवर झोके घेत बसे. हें सर्व त्यानें १७९३ सालच्या एका पत्रांत खुलासेवार लिहिलें आहे. ह्याचा अर्थ असा, कीं त्याच्या गीतांतील ओढा व टेकडी हीं नंतर चिकटविलेलीं वर्णनें नव्हेत. चाल त्या भूमीची, ती घेऊन कवि त्याच भूमींत फिरला, आणि जें डोळ्यांस दिसलें तें स्वरांत बसलें.

आतां ‘आफ्टन वॉटर’ हें गीत घ्या. आफ्टन ही एअरशायर परगण्यांतील एक लहानशी नदी. न्यू कम्नॉक गांवाजवळ ती निथ नदीस मिळते. आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. गीताचा विषय सांगावयाचा तर एका वाक्यांत संपतो: कवीची मेरी नदीकांठीं निजली आहे, आणि तो नदीला विनवितो, कीं बाई, हळू वाहा, तिची झोंप मोडूं नकोस. नदीप्रमाणेंच तो पांखरांसहि विनवितो. रानांतला पारवा, कांट्यांच्या झुडपांतला कस्तुर, आणि विशेषेंकरून टिटवी! टिटवी तिकडेहि कर्कशच ओरडते असें दिसतें. मग तो कांठावरच्या टेकड्या, त्यांवर चरणारीं आपलीं गुरें, मेरीची झोंपडी, संध्याकाळीं दोघांवर सांवली धरणारें बर्च झाड, हें सर्व एकामागून एक दाखवितो व शेवटीं पुनः नदीपाशीं येऊन तीच विनवणी करतो.

ही मेरी कोण, ह्याविषयीं अभ्यासकांनीं पुष्कळ वाद घातला आहे. मला तो वाद निष्फळ वाटतो. गीत म्हणून पाहा: मेरीचें रूप कसें आहे, तिचे डोळे कसे, केंस कसे, ह्याविषयीं कवि जवळजवळ कांहींच बोलत नाहीं. ती निजलेलीच आहे. सगळें कौतुक चाललें आहे तें नदीचें. आणि तरीहि वाचकास मेरी कवीला किती प्रिय आहे हें कळतें. कारण एवढी मोठी नदी तिच्या झोंपेसाठीं थांबविण्यास जो निघाला त्याच्या प्रीतीविषयीं शंका कोण घेईल? येथें प्रेयसीमुळें भूमि प्रिय झाली कीं भूमीमुळें प्रेयसी, हें ठरवितां येत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गीतांतली नदी ‘कोणतीहि एक नदी’ नाहीं. तिला नांव आहे. जात्यावरच्या ओवींत आपल्या बायका ‘नदी’ म्हणून थांबत नाहींत. कृष्णा म्हणतात, कोयना म्हणतात, नीरा म्हणतात. नांव घेतलें कीं माहेरची वाट डोळ्यांपुढें येते. आफ्टनचें नांव त्या परगण्याबाहेर कोणास ठाऊक नव्हतें. आज तें ठाऊक आहे तें ह्या गीतामुळें.

दुसरें उदाहरण संसारी मनुष्याचें आहे. १७८८ सालीं बर्न्सनें जीन आर्मर हिच्याशीं रीतसर संसार मांडला व डम्फ्रीझजवळ एलिसलंड येथें जमीन खंडानें घेतली. घर बांधून व्हावयाचें होतें, म्हणून जीन सुमारे ४५ मैलांवर मॉचलीन गांवीं राहिली व हा एकटाच इकडे परक्या माणसांत दिवस काढूं लागला. त्या वेळचें त्याचें गीत असें आहे, कीं वारे सर्व दिशांनीं वाहतात, पण मला पश्चिमेचा वारा आवडतो, कारण ती पश्चिमेस राहते. मधल्या रानांत, नद्यांत, टेकड्यांत जें फूल दिसेल, जो पक्षी गाईल, त्यांत मला तीच भासते. कवीनें स्वतःच्या प्रतीवर हें गीत आपल्या पत्नीच्या गौरवार्थ नवलाईच्या दिवसांत रचल्याची मिष्किल टीप लिहून ठेविली आहे. नकाशा उघडून एलिसलंड व मॉचलीन पाहावीं. मॉचलीन खरोखरच वायव्येच्या बाजूस आहे. संस्कृत कवींचा मेघ जसा गांवें ओलांडीत जातो, तसा हा वारा खऱ्याखुऱ्या मुलुखावरून येतो. गीताचा भूगोल चुकत नाहीं, ही लहान गोष्ट नव्हे.

डून नदीवरील गीतांत सूर निराळा लागतो. डून ही बर्न्सच्या जन्मगांवावरून वाहणारी नदी. येथें बोलणारी एक फसविलेली मुलगी आहे. ती नदीकांठच्या पांखरांस विचारते, कीं मी एवढ्या दुःखांत असतांना तुम्हांस गावेंसें वाटतें तरी कसें? देश सुंदर आहे, आणि तोच तिला असह्य झाला आहे, कारण जेथें तिनें गुलाब तोडला तेथेंच कांटा राहिला. देशाचें सौंदर्य गाणाऱ्या कवींत ही गोष्ट सांगण्याचें धैर्य थोड्यांच्या ठायीं असतें. ह्या गीताच्या चालीचा पुढला प्रवास आपणां हिंदी लोकांस अभिमानाचा वाटावा असा आहे. तरुण रवींद्रनाथ ठाकूर १८७८ सालीं इंग्लंडास गेले. तिकडील व आयर्लंड-स्कॉटलंडच्या चाली त्यांनीं कानांत भरून आणिल्या. आणि १८८२ सालच्या ‘कालमृगया’ ह्या संगीत नाटिकेंत डूनच्या गीताची चाल बंगाली शब्द लेवून वसंताचें गाणें म्हणून अवतरली. ‘ऑल्ड लँग साइन’च्या चालीवरहि त्यांचें जुन्या दिवसांच्या आठवणीचें गीत आहे. बंगाल्यांत तीं इतकीं घरचीं झालीं आहेत, कीं गाणाऱ्या मुलांस त्यांचें मूळ सांगावें लागतें.

हायलंड्सवरील सुप्रसिद्ध गीताविषयीं मात्र एक सावधगिरीची सूचना द्यावयाची आहे. माझें हृदय तेथें डोंगरांत हरणांमागें धांवत आहे, असें जो म्हणतो तो बर्न्स नव्हे. बर्न्स हा सखल प्रदेशाचा. हायलंड्सची गेलिक भाषा त्यास येत नव्हती. आणि शिकारीचें तर त्यास वावडें होतें: कोणी तरी घायाळ केलेला एक ससा पाहून त्यानें संतापानें कविता केली आहे. १७८७ सालीं एका मित्राबरोबर तीन आठवडे तो त्या डोंगराळ भागांत हिंडला, कलोडनचें रणांगण त्यानें पाहिलें. १७४६ सालीं त्या रणांगणावर हायलंडच्या सरदार-कुळांचा मोड झाला होता. त्यानंतर त्यांचा पारंपरिक पोषाखहि कायद्यानें बंद केला गेला तो १७८२ पर्यंत. गीताचें आरंभींचें अर्धें कडवें जुनें आहे, बाकीचें माझें, असें बर्न्सनेंच सांगून ठेविलें आहे. म्हणजे कोणा अज्ञात परदेशस्थाच्या तोंडची तुटकी ओळ त्यास सांपडली, आणि त्यानें ती पुरी केली. पुढें एकोणिसाव्या शतकांत मेंढ्यांच्या कुरणांसाठीं त्याच डोंगरांतलीं गांवेंच्या गांवें जमीनदारांनीं उठविलीं व हजारों कुटुंबें कानडांत व अन्यत्र गेलीं, तेव्हां त्या गीताला खरे गाणारे मिळाले. कवीनें ज्यांच्यासाठीं लिहिलें असेंहि म्हणतां येत नाहीं, त्यांचेंच तें झालें.

ही ‘तुटकी ओळ पुरी करण्याची’ गोष्ट बर्न्सच्या आयुष्यांतलें सर्वांत मोठें काम होय, असें मला वाटतें. एडिंबरोंत त्याची जेम्स जॉन्सन ह्या ठसे कोरणाऱ्या कारागिराशीं ओळख झाली. स्कॉटलंडचीं सर्व जुनीं गीतें चालींसकट छापावीं असा जॉन्सनचा ध्यास होता. त्याचा ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ हा ग्रंथ १७८७ पासून १८०३ पर्यंत सहा भागांत निघाला. त्यांत ६०० गीतें आहेत, आणि त्यांतील सुमारें एक तृतीयांश बर्न्सनें रचलेलीं, दुरुस्त केलेलीं किंवा गोळा केलेलीं आहेत. ह्याच सुमारास त्यास पोटासाठीं अबकारी खात्यांत नोकरी धरावी लागली. आठवड्यास २०० मैल घोड्यावरून रपेट, पावसांत, चिखलांत. आणि जेथें मुक्काम पडे तेथें म्हाताऱ्यांकडून गाणीं टिपून घेणें. ‘ऑल्ड लँग साइन’ आपण एका वृद्धाच्या तोंडून ऐकून उतरविलें असें तो सांगतो. तांबड्या गुलाबाच्या गीतालाहि तो आपली रचना म्हणत नाहीं, खेड्यांत ऐकलेलें एक साधें जुनें गाणें म्हणतो. त्यांत जुनें किती व त्याचें किती हें वेगळें काढणें आतां कठिण आहे. आणि कोणी वेगळें काढावें अशी त्याची इच्छा होती असेंहि दिसत नाहीं.

ह्या कामाचे पैसे त्यानें घेतले नाहींत. जॉर्ज टॉमसन नांवाच्या दुसऱ्या संग्राहकानें १७९२ सालीं मोबदला देऊं केला, तेव्हां देशाच्या गीतांसाठीं मजुरी घेणें आपणांस कमीपणाचें वाटतें, अशा आशयाचें उत्तर त्यानें धाडलें.

येथवर वाचून विद्यार्थी बर्न्सला देवळांत बसवूं लागतील, म्हणून एक कटु गोष्टहि सांगणें भाग आहे. १७८६ सालीं कर्ज, नापीक शेत आणि जीनच्या बापाचा कोप ह्यांस कंटाळून बर्न्सनें देश सोडण्याचें ठरविलें होतें. कोठें जाण्याचें? जमेकास, तेथील उसाच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून. त्या काळीं तेथें हिशेबनीस ह्याचा अर्थ गुलामांवर देखरेख करणारा दुय्यम मुकादम असा होता. प्रवासखर्च उभा राहावा हाहि एक हेतु धरून त्यानें किल्मार्नक येथें आपल्या कविता छापल्या: ३१ जुलै १७८६, प्रती ६१२. पुस्तक हातोहात खपलें, एडिंबरोहून बोलावणें आलें, आणि पेटी बंदराच्या वाटेस लागली असतां कवि मागें फिरला. माणसामाणसांतील समतेचें पुढें जगप्रसिद्ध झालेलें गीत ज्यानें १७९५ सालीं लिहिलें, तो नऊ वर्षांपूर्वीं दुसऱ्यांच्या गुलामगिरीवर पोट भरण्यास निघाला होता. मातृभूमीच्या एका ओढ्यावर एवढी प्रीति करणाऱ्यास, आपापल्या ओढ्यांपासून तोडून आणलेल्या त्या आफ्रिकी लोकांची आठवण तेव्हां झाली नसावी काय? ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मला सांपडलेलें नाहीं. गीतें त्यामुळें खोटीं ठरत नाहींत. पण तीं वाचतांना ही गोष्ट झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

१७९६ च्या उन्हाळ्यांत तो अंथरुणास खिळला. पोषाखाच्या कापडाचें देणें राहिलें होतें. दुकानदाराच्या तगाद्यानें त्यास तुरुंगाचें भय वाटूं लागलें. ज्या टॉमसनचा मोबदला त्यानें नाकारला होता त्यासच १२ जुलै रोजीं पत्र लिहून त्यानें पांच पौंड मागितले, आणि तेवढ्या किंमतीचीं गीतें देण्याचें वचन दिलें. टॉमसननें पैसे धाडले. २१ जुलै रोजीं डम्फ्रीझ येथें बर्न्स वारला, वय ३७. त्याची प्रेतयात्रा निघाली त्याच दिवशीं जीनला मुलगा झाला. ‘म्युझियम’चा पांचवा भाग त्यानंतर कांहीं महिन्यांनीं निघाला, निरोपाचें तें गीत त्यांत प्रथम छापलें गेलें. तें छापलेलें पाहणें कवीच्या नशिबीं नव्हतें.

आपल्या देशांतहि हें काम झालें आहे व होत आहे. साने गुरुजींनीं बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलें. अलीकडे गी पॉइटव्हिन व हेमा राईरकर ह्यांच्या प्रयत्नानें खेडोपाडींच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या गेल्या, कित्येकींचा आवाजहि जतन झाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत मीं माझ्या वर्गास आपापल्या घरच्या नदीचें किंवा ओढ्याचें नांव असलेली एक तरी ओवी लिहून आणण्यास सांगितलें होतें. एकेचाळीस मुलांपैकीं नऊजणांनीं आणली. एकानें वहीचें पान कोरेंच दिलें, विचारतां म्हणाला, “आजीला येत होती. मी विचारायला गेलों तेव्हां तिला फक्त चाल आठवली.” ती चाल त्यानें वर्गांत गुणगुणून दाखविली. मीं त्यास पूर्ण गुण दिले, व पान कोरेंच ठेवण्यास सांगितलें. चाल आहे तोंवर त्यावर लिहितां येईल.